ट्रॉली, कप्पी आणि लटकता हँगर: बल = वस्तुमान × त्वरण पडताळताना आलेख वाकतो कुठे?

सदिश

न्यूटनचा दुसरा नियम पाठ असणे आणि तो टेबलावर दाखवता येणे यांत बरेच अंतर आहे. ट्रॉलीला दोरा बांधायचा, तो कप्पीवरून खाली सोडायचा, टोकाला वजने टांगायची आणि त्वरण मोजायचे. प्रयोग जवळजवळ सगळीकडे असाच होतो, आणि तितक्याच ठिकाणी आलेख (आडव्या अक्षावर बल, उभ्यावर त्वरण) एक तर वाकतो, नाही तर आरंभबिंदूतून जात नाही. मग "प्रयोगातील त्रुटी" असे लिहून वही मिटते. खरे तर यातली प्रत्येक चूक ओळखता येते, किती टक्क्यांची आहे तेही काढता येते. म्हणून हा धागा.

आधी मांडणी. सपाट पट्टी साधारण १.२ मीटर, ट्रॉली ५०० ग्रॅम, रिकामा हँगर (दोऱ्याच्या टोकाला लटकणारी, वजने ठेवायची दांडी) १० ग्रॅम, आणि खाचेची १० ग्रॅमची नऊ वजने. एकूण हलणारे वस्तुमान ६०० ग्रॅम. सुरुवातीला नऊही वजने ट्रॉलीवर चिकटपट्टीने बसवायची, खाली नुसता हँगर. नंतर एकेक वजन ट्रॉलीवरून काढून हँगरवर ठेवायचे. बाहेरून नवे वजन आणायचे नाही.

ही सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि हीच सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. हँगरही ट्रॉलीइतक्याच त्वरणाने खाली जातो, म्हणजे ओढणाऱ्या बलाला त्यालाही हलवावे लागते. म्हणून सूत्रातले वस्तुमान एकट्या ट्रॉलीचे नसून ट्रॉली, तिच्यावरची वजने आणि हँगर या सगळ्यांचे मिळून आहे. वजन ट्रॉलीवरून हँगरवर गेले की बल वाढते पण एकूण वस्तुमान ६०० ग्रॅमच राहते. घर्षण शून्य धरल्यास त्वरण असे यायला हवे:

हँगर १० ग्रॅम: बल ०.०९८ न्यूटन, त्वरण ०.१६३ मी/से²
२० ग्रॅम: ०.१९६ न्यूटन, ०.३२७
३० ग्रॅम: ०.२९४ न्यूटन, ०.४९०
४० ग्रॅम: ०.३९२ न्यूटन, ०.६५३
५० ग्रॅम: ०.४९० न्यूटन, ०.८१७

आता हेच बाहेरून वजने आणून केले तर? ट्रॉली ५०० ग्रॅमच ठेवून वस्तुमान म्हणून तेवढेच धरले, तर १० ग्रॅमला अपेक्षित त्वरण ०.१९६ आणि खरे ०.१९२, म्हणजे फरक २ टक्के. तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. ५० ग्रॅमला ०.९८० ऐवजी ०.८९१, म्हणजे ९ टक्के कमी. १०० ग्रॅमला १.९६ ऐवजी १.६३, जवळजवळ १७ टक्के. आलेख सरळ सुरू होतो आणि पुढे खाली वाकत जातो. असा वाक दिसला की पहिला संशय घर्षणावर घेऊ नका. घर्षण रेषा सरकवते, वाकवत नाही.

त्वरण काढायला ठरावीक अंतर आणि वेळ: अंतर = ½ × त्वरण × वेळेचा वर्ग. ८० सेंमी अंतराला १० ग्रॅमच्या हँगरने ३.१३ सेकंद लागतात, ५० ग्रॅमने १.४०. सुरुवातीचा वेग शून्य असेल तरच हे सूत्र चालते, म्हणून ट्रॉली बोटाने धरून नुसती सोडायची. जराही ढकलायची नाही.

---

आलेखकार

मांडणी उत्तम. वेळेबद्दल भर घालतो, कारण तिथेच सगळी अचूकता वाहून जाते.

सूत्रात वेळेचा वर्ग आहे, त्यामुळे वेळेतली टक्केवारीची चूक त्वरणात दुप्पट होऊन उतरते. हाताने स्टॉपवॉच दाबताना ०.१ सेकंद इकडेतिकडे होणारच. ३.१३ सेकंदांत ती चूक सुमारे ३ टक्के, म्हणजे त्वरणात ६ टक्के. १.४० सेकंदांत ७ टक्के, म्हणजे त्वरणात १४. गंमत अशी की हँगर जड करून "परिणाम ठळक" करायला जावे तितके मोजमाप बिघडत जाते.

फोटोगेट (प्रकाशकिरण किती वेळ अडला ते मोजणारे साधन) नसेल तर मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम म्हणजे ०.००४२ सेकंद. पट्टीवर दर १० सेंमीवर खूण करा, कॅमेरा पट्टीला काटकोनात आणि मधोमध, शक्य तितका लांब ठेवा. जवळून घेतल्यास टोकाच्या खुणा तिरप्या दिसतात आणि ट्रॉली खुणेवर कधी आली हे चुकते. प्रत्येक खुणेची फ्रेम मोजून अंतर विरुद्ध वेळेचा वर्ग असा आलेख काढा. रेषेचा चढ त्वरणाच्या निम्मा येतो. हा निम्मा विसरल्यामुळे "त्वरण बरोबर अर्धे येते" अशी तक्रार वारंवार ऐकू येते.

फोटोगेट असेल तर ट्रॉलीवर ५ सेंमी रुंदीचे कार्ड लावतात. रुंदी भागिले अडथळ्याचा वेळ म्हणजे त्या अवधीतला सरासरी वेग. त्वरण स्थिर असेल तर तो अवधीच्या मध्य-क्षणी असलेला वेग असतो, कार्डाच्या मध्यबिंदूपाशी असलेला नव्हे. कार्ड रुंद आणि ट्रॉली संथ असेल तर हा फरक जाणवतो.

---

मुक्तछेद

एक मूलभूत शंका. ५० ग्रॅमच्या हँगरचे वजन ०.४९० न्यूटन. दोरा तर तोच आहे. मग ट्रॉलीला ओढणारे बल ०.४९० न्यूटनच नाही का? हँगरचे वस्तुमान मध्ये कशासाठी?

---

सदिश

@मुक्तछेद, ट्रॉली हाताने धरून ठेवली आहे तोवर तुमचे म्हणणे अगदी बरोबर. दोऱ्यातला ताण तेव्हा ०.४९० न्यूटनच असतो. सोडल्या क्षणी तो कमी होतो.

दोन वेगळी फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एकेका वस्तूवरची सगळी बले दाखवणाऱ्या आकृत्या, काढा. ट्रॉलीवर आडव्या दिशेने फक्त ताण. तिच्यासह तिच्यावरच्या वजनांचे वस्तुमान ०.५५० किलो आणि त्वरण ०.८१७, म्हणून ताण ०.४४९ न्यूटन. हँगरवर खाली ०.४९० आणि वर ०.४४९, उरले ०.०४१ न्यूटन. हँगरचे वस्तुमान ०.०५० किलो गुणिले ०.८१७ केले की तेच ०.०४१ येते. हा उरलेला तुकडा नसता तर हँगर खाली वेग घेऊच शकला नसता.

ट्रॉली आणि दोरा यांच्यामध्ये बलमापक बसवला तर हे डोळ्यांनी दिसते: धरलेले असताना ०.४९०, सोडताच ०.४४९.

दोन टोके तपासून बघा. हँगर ट्रॉलीच्या मानाने नगण्य असेल तर ताण जवळजवळ हँगरच्या वजनाइतका राहतो, आणि हँगर प्रचंड जड केला तर त्वरण ९.८ कडे सरकते पण ते कधीच ओलांडत नाही. "बल हवे तेवढे वाढवू, त्वरण वाढतच जाईल" असे समजणाऱ्याने हे दुसरे टोक जरूर लिहून काढावे.

---

घर्षणांक

आता आरंभबिंदूचा प्रश्न. घर्षण सुमारे ०.०३ न्यूटन असेल तर रेषा सरळच राहते, पण आडव्या अक्षाला ०.०३ पाशी छेदते. ही चूक नाही, ते घर्षणाचे मोजमाप आहे, फुकट मिळालेले. तेवढ्या बलापर्यंत त्वरण शून्य.

घर्षण भरून काढायचे असेल तर पट्टीचे एक टोक उचलायचे. आधी पाणसळ लावून पट्टी समतल करा, मग कप्पीच्या विरुद्ध टोकाखाली पातळ पुठ्ठे सरकवत जा. दोरा सोडवून ठेवा. प्रत्येक वेळी ट्रॉलीला हलकी टिचकी मारा आणि ती एकसमान वेगाने जाते का ते बघा. टिचकी आवश्यक आहे, कारण स्थिर ट्रॉली आपणहून सुटण्याची वाट पाहिली तर उतार स्थितिक घर्षणाला पुरेल इतका होतो, आणि चालू ट्रॉलीचे गतिज घर्षण त्याहून कमी असते. म्हणजे भरपाई जास्त होते. १ मीटर लांबीला १ सेंमी उंची म्हणजे सुमारे ०.०९८ मी/से² ची भरपाई, त्यामुळे एकेक मिलिमीटर महत्त्वाचा.

भरपाई कमी झाली तर रेषा आडव्या अक्षाला उजवीकडे छेदते, जास्त झाली तर उभ्या अक्षाला आरंभबिंदूच्या वर. आलेखाकडे एक नजर टाकली की कोणती चूक झाली ते कळते.

याच पद्धतीची एक सुंदर बाब: ट्रॉलीवर वजन वाढवले तरी उतार बदलावा लागत नाही. उताराचा ओढा आणि घर्षण, दोन्ही वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतात. म्हणून नियमाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे बल तेच ठेवून वस्तुमान बदलणे, त्याच उतारावर करता येतो. तिथे आडव्या अक्षावर वस्तुमान घेऊ नका, वक्र येतो आणि वक्राकडे बघून काहीच सिद्ध होत नाही. १ भागिले एकूण वस्तुमान घ्या. रेषा सरळ येते आणि तिचा चढ म्हणजे बल.

दोन किरकोळ गोष्टी. दोरा पट्टीला समांतर हवा. १० अंश तिरपा असेल तर पुढे ओढणारा भाग दीड टक्क्याने कमी होतो आणि उरलेला भाग ट्रॉलीला उचलतो किंवा दाबतो. आणि हँगर जमिनीपासून ६० सेंमी वर असेल तर ८० सेंमीचे अंतर मोजू नका. शेवटचे २० सेंमी ओढणारे बलच नसते.

---

लंबक

घर्षणाचा विषय निघालाच आहे तर ब्रेकबद्दल विचारतो. वस्तुमान दुप्पट झाले की वाहन थांबायला दुप्पट अंतर लागते, असे सूत्रावरून दिसते. बरोबर ना?

---

घर्षणांक

बल तेच राहत असेल तरच. १,००० किलोचे वाहन ताशी ७२ किमी, म्हणजे २० मी/से वेगाने जाते आहे. ब्रेकचे बल ५,००० न्यूटन. मंदन ५ मी/से², थांबायला ४ सेकंद आणि ४० मीटर. आता वस्तुमान २,००० किलो आणि ब्रेक तेवढेच लागले, तर मंदन २.५, वेळ ८ सेकंद, अंतर ८० मीटर. इथपर्यंत तुमचे बरोबर.

पण ब्रेक इतके जोरदार असतील की मर्यादा टायर आणि रस्ता यांची पकड ठरवते, तर चित्र बदलते. वस्तुमान दुप्पट झाले की रस्त्यावरचा दाब दुप्पट, म्हणून मिळू शकणारे घर्षणही दुप्पट. घर्षणांक (घर्षण भागिले रस्त्यावरचा दाब) ०.७ धरला तर मंदन दोन्हींसाठी ६.९ मी/से² आणि अंतर दोन्हींसाठी सुमारे २९ मीटर. म्हणून "जड वाहन उशिरा थांबते" हे विधान ऐकले की पहिला प्रश्न विचारायचा: बल कोण पुरवतोय, आणि ते वस्तुमानाबरोबर वाढतेय का?

वेगाबाबत असा काही पर्याय नाही. वेग दुप्पट, अंतर चौपट.

---

आलेखकार

याला जोडूनच एक गैरसमज: "वस्तुमान गुणिले वेग म्हणजे धडकेचे बल." तो गुणाकार संवेगाचा आहे. बल किती ते थांबायला किती वेळ किंवा अंतर मिळाले यावर ठरते. २० मी/से वेगाने जाणारा ७० किलोचा माणूस सीट बेल्ट आणि चेपणारा पुढचा भाग मिळून अर्ध्या मीटरमध्ये थांबला तर सरासरी मंदन ४०० मी/से², बल २८,००० न्यूटन. तोच डॅशबोर्डवर ५ सेंमीत थांबला तर २,८०,००० न्यूटन. वस्तुमान तेच, वेग तोच, बल दहापट. बेल्ट लावण्यामागचे सगळे गणित या एका भागाकारात आहे.

---

मुक्तछेद

मग वजनकाट्याचे काय? तो किलो दाखवतो, म्हणजे वस्तुमानच मोजतो ना?

---

सदिश

नाही, स्प्रिंगचा किंवा इलेक्ट्रॉनिक काटा बल मोजतो आणि ९.८ ने भागलेला आकडा दाखवतो. आपल्या बोलण्यात "वजन" हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो, त्यामुळे हा घोटाळा मराठीत अधिकच घट्ट बसला आहे. गणित करताना किलो आकड्याला बल म्हणून वापरले की उत्तर थेट ९.८ पटीने चुकते.

लिफ्टमध्ये काट्यावर उभ्या ६० किलोच्या माणसाचे उदाहरण घ्या. स्थिर किंवा एकसमान वेगाने वर अथवा खाली: ५८८ न्यूटन, काटा ६०. वरच्या दिशेने १.५ मी/से² त्वरण: ६० × ११.३ = ६७८ न्यूटन, काटा ६९.२. खालच्या दिशेने तेवढेच त्वरण: ४९८ न्यूटन, काटा ५०.८. महत्त्वाचे हे की वर जाणारी लिफ्ट थांबायला लागते तेव्हाही काटा ५०.८ कडे जातो, कारण वेग वर असला तरी त्वरण खाली आहे. प्रश्नात "वर जात आहे" वाचून अधिक चिन्ह टाकणारे इथेच चुकतात. दिशा त्वरणाची बघायची.

मोबाइलमधला त्वरणमापकही असाच वागतो. टेबलावर स्थिर ठेवलेला फोन ९.८ दाखवतो आणि मुक्तपणे पडताना शून्य, कारण आतला सूक्ष्म भार टेबलाने दिलेला आधार अनुभवतो. फायफॉक्ससारख्या ॲपमध्ये गुरुत्वाकर्षण वगळलेले त्वरण वेगळे मिळते. ट्रॉलीवर फोन ठेवून प्रयोग करायचा असेल तर ते वापरा, आणि फोनचे वस्तुमान एकूणात धरायला विसरू नका.

---

लंबक

एक ऐतिहासिक नोंद, कारण ती पुढच्या चर्चेला लागते. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त न्यूटनने हा नियम बल = वस्तुमान × त्वरण या समीकरणाच्या रूपात लिहिलेला नाही. तिथे "गतीतला बदल" लावलेल्या बलाच्या प्रमाणात असतो असे आहे, आणि गती म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. आज ओळखीचे असलेले त्वरणाचे रूप ऑयलरने १७५० च्या सुमारास सर्वसाधारण तत्त्व म्हणून मांडले. मग वस्तुमान बदलत असेल तेव्हा संवेगाच्या बदलाचा दर घेऊन "वस्तुमान × त्वरण + वेग × वस्तुमान बदलण्याचा दर" असे लिहिले की झाले का?

---

घर्षणांक

हा सापळा आहे, आणि बरीच हुशार मुले यात अडकतात. वाळूने भरलेली गाडी घर्षणाशिवाय एकसमान वेगाने चालली आहे आणि तळाच्या छिद्रातून वाळू गळते आहे. तुमच्या सूत्राप्रमाणे वस्तुमान घटते, दुसरे पद शून्य नाही, म्हणून बल नसताना गाडीचा वेग वाढला पाहिजे. प्रत्यक्षात वाढत नाही. गळणारी वाळू गाडीच्याच वेगाने बाहेर पडते आणि आपला संवेग सोबत नेते.

सूत्रात दोष आहे हे आणखी एका गोष्टीवरून कळते: दुसऱ्या पदात वेग आहे, आणि वेग बघणाऱ्यावर अवलंबून. एकाच गाडीवरचे बल रस्त्यावरच्या माणसाला एक आणि शेजारून समान वेगाने जाणाऱ्याला दुसरे, असे होऊ शकत नाही. संवेगाचे रूप ठरावीक कणांच्या समूहाला लावायचे असते. आत येणारे किंवा बाहेर जाणारे कण धरायचे तर त्यांचा वेग मुख्य वस्तूच्या सापेक्ष घ्यावा लागतो. रॉकेटचा रेटा म्हणूनच वायूचा सापेक्ष वेग गुणिले दर सेकंदाला बाहेर पडणारे वस्तुमान असा असतो.

उलटे उदाहरण कन्व्हेयर पट्ट्याचे. २ मी/से वेगाच्या पट्ट्यावर वरून सरळ खाली दर सेकंदाला ५ किलो वाळू पडते. पट्ट्याचा वेग टिकवायला जादा बल ५ × २ = १० न्यूटन लागते, म्हणजे शक्ती २० वॅट. पण वाळूला मिळणारी गतिज ऊर्जा दर सेकंदाला ½ × ५ × ४ = १० जूलच. उरलेले १० जूल वाळू पट्ट्यावर घसरून त्याचा वेग पकडेपर्यंत उष्णतेत जातात. मोटर निवडताना फक्त गतिज ऊर्जेचा हिशोब केला तर ती याच कारणाने निम्मी पडते.

---

आलेखकार

वस्तुमान मोजायला हा नियम थेट कुठे वापरतात, तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात. तिथे काट्यावर उभे राहून काहीच कळत नाही. 'स्लॅम्ड' नावाच्या उपकरणात स्प्रिंगच्या ज्ञात बलाने अंतराळवीराला ओढतात, त्याचे त्वरण मोजतात आणि भागाकार करून वस्तुमान काढतात. अंग सैल ठेवून चालत नाही, कारण हातपाय मागे राहिले तर मोजलेले त्वरण पूर्ण शरीराचे नसते. शिवाय अशा कोणत्याही साधनात शरीरासोबत हलणाऱ्या भागांचे वस्तुमान उत्तरातून वजा करावे लागते. आपल्या हँगरचाच प्रश्न.

---

मुक्तछेद

शेवटची शंका. सगळे सांगितल्याप्रमाणे केले, रेषा सरळ आणि आरंभबिंदूतून जाणारी, तरी त्वरण विरुद्ध बल या आलेखाचा चढ १.६७ ऐवजी १.६१ आला तर? ६०० ग्रॅमला १.६६७ हवा.

---

सदिश

१ भागिले १.६१ म्हणजे ०.६२१ किलो. ६०० ग्रॅमच्या जागी ६२१ ग्रॅम हलत आहेत असे आलेख सांगतो आहे. कप्पी आणि चाके नुसती सरकत नाहीत, फिरतातही, आणि फिरायला लागायलाही बल खर्ची पडते. भरीव तबकडी असेल तर तिचे निम्मे वस्तुमान हिशोबात वाढते. २० ग्रॅमची कप्पी १० ग्रॅमइतकी, आणि ट्रॉलीची प्रत्येकी ६ ग्रॅमची चार चाके मिळून १२ ग्रॅमइतकी भर घालतात. बेरीज २२ ग्रॅम. चाकांचे मूळ वस्तुमान ट्रॉलीच्या ५०० ग्रॅममध्ये आधीच आले आहे. ही वाढ फिरण्यापोटी वेगळी.

कप्पी काढून तोलून बघा, चाके कडेला जड आहेत की सर्वत्र सारखी ते बघा. कडेला जड असतील तर निम्म्याहून जास्त धरावे लागेल. वहीत २१ ग्रॅम हा आकडा लिहा आणि त्यापुढे त्याचा हिशोब.